धुतलेल्या भांड्यांचं कपाट

"बाबा, आपल्याकडे भांडी आधी हाताने घासतात आणि मग डिशवॉशरमध्ये ठेवतात, असं का?"

भिंगरीने हे विचारलं तेव्हा टेबलाशी काका-काकू बसले होते. बाबा नुकतेच माझ्याकडे बोट दाखवून त्यांना सांगत होते, "तुम्हीही घेऊन टाका एक. हिला आता कामच उरलं नाही." 'हिला' म्हणजे आईला. ती त्या वेळी सिंकपाशी कोपरापर्यंत फेसात होती. 'हिंमत असेल तर पाहुण्यांसमोर विचारून दाखव,' अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. भिंगरीने विचारून दाखवलं. काकूंनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

मित्रांनो, ज्याच्यावरून हा प्रश्न निघाला, तो जुना डिशवॉशर म्हणजे मी. तेव्हा मी मेलेलाच होतो म्हणा. आई भांडी हाताने घासायची आणि निथळायला माझ्या पोटात रचून ठेवायची. ज्याने भांडी धुवायची, त्याचं धुतलेल्या भांड्यांचं कपाट केलं होतं. पोहणाऱ्याला टॉवेल वाळत घालायला उभं करावं, तसं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने माझं दार उघडून-मिटून पाहिलं, पाणी सोडलं आणि माझ्या कुशीला कान लावून ऐकलं. इतकं मन लावून मला पुन्हा फारसं कुणी ऐकलं नाही.

या घरात आलो तेव्हा मात्र कौतुकाला तोटा नव्हता. शेजारीपाजारी येऊन माझं दार उघडून बघायचे, जणू आत बाळ झोपलंय. आणि मी कामाचा होतो, हे मी छाती ठोकून सांगतो. रात्रीचं जेवण झालं की आई मला भरायची, बटण दाबायची आणि स्टुलावर पाय ठेवून शब्दकोडं सोडवत बसायची. "बसून खाणारा, चार अक्षरी," असं म्हणून ती दादाकडे बघायची. "ऐतखाऊ!" भिंगरी आतल्या खोलीतून ओरडायची. दादा म्हणायचा, "माझ्याकडे बघून कोडी का सोडवता तुम्ही?" मी घरघरत असायचो. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

माझ्या तळाशी एक जाळी असते. तुमच्या ताटातलं उष्टं तिच्यात अडकतं. ती काढून धुवावी लागते, नाहीतर मी तेच घाण पाणी फिरवत बसतो. ही जाळी आहे, हे घरात फक्त आईला माहीत होतं. बाकीच्यांना वाटायचं, मी आपोआप स्वच्छ राहतो. आईबद्दलही त्यांना असंच बरंच काही आपोआप होतं असं वाटायचं.

मग मावशी आजारी पडली आणि आई तिच्याकडे राहायला गेली. घर बाबा आणि दादाच्या हाती आलं. माझ्यात टाकायच्या साबणाच्या गोळ्या संपल्या, तर बाबांनी सिंकवरचा भांड्यांचा साबण माझ्यात ओतला. "साबण तो साबण," ते म्हणाले. मित्रांनो, तो साबण हाताने भांडी घासण्यासाठी असतो. माझ्यात त्याचा इतका फेस झाला की तो दाराखालून बाहेर येऊन फ्रिजपर्यंत पोचला. दादाने आत वाकून पाहिलं तेव्हा त्याला पहिल्यांदाच जाळी दिसली, आणि वाटलं, हिच्यामुळेच झालं असणार. त्याने ती उपटली आणि कशीबशी परत टेकवून ठेवली. त्यातच त्याचा निळा ग्लास माझ्या आत फुटला. मोठे तुकडे त्याने उचलले आणि दार लावून टाकलं. एक काच सैल जाळीतून घरंगळली आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या माझ्या पंपात जाऊन रुतली.

आई परत आली तेव्हा माझ्या तळाला काळं पाणी साचलं होतं. बाबा म्हणाले, "तू कशीही कोंबतेस भांडी. म्हणून झालं." दादा मोबाइलमध्ये बघत होता. तो बघतच राहिला. दुरुस्तीवाला आला, दारातूनच नाक दाबून म्हणाला, "पंप जळला. नवीन घ्या." त्याने जाळीला हातसुद्धा लावला नाही. आणि आईने पदर खोचला, साचलेलं पाणी उपसलं आणि सिंकपाशी उभी राहिली. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. शब्दकोडी रद्दीत न सोडवताच जाऊ लागली.

तर तो पाहुण्यांचा दिवस. काका-काकू गेले आणि बाबा भडकले.

"पाहुण्यांसमोर अब्रू घालवलीस माझी."

"मी नुसतं विचारलं, बाबा. घालवली कुणी?"

"तोंड फार चालतं हिचं. रविवारी भंगारवाला येऊन हे धूड घेऊन जाईल. संपला विषय."

"मग भांडी निथळायला कुठे ठेवू मी?" आईने विचारलं.

एवढंच. माझ्यासाठी तिच्याकडे तेवढंच वाक्य उरलं होतं. मी काय बोलणार? मी कपाट होतो.

पण भिंगरी नावाप्रमाणेच आहे. शनिवारी शाळेतून आली ती दप्तर फेकून, माझं माहितीपुस्तक मांडीवर घेऊन थेट माझ्यासमोर फतकल मारून बसली. आधी प्लग काढला, मग पाण्याचा नळ बंद केला. भांडी रचायची खालची टोपली बाहेर ओढली. रबरी हातमोजे चढवले, जाळी फिरवून उचलली आणि "ईऽऽ" म्हणून मान फिरवली. पण हात काढला नाही. भांड्यांतून निथळून तळात साचलेलं पाणी वाटीने उपसलं, उरलेलं स्पंजने टिपलं. "आई, टॉर्च धर गं. नाही, माझ्या डोळ्यात नको, खाली." पंपावरचं झाकण निघालं. आत पंख्यासारखं छोटं चाक, आणि चाकाच्या पात्यांत अडकलेली निळी काच. तिने ती पकडीने ओढून काढली. चाकाला बोटाने ढकललं, तर ते गर्रकन फिरलं.

"दादा, हा तुझाच ग्लास ना?"

"कशावरून?"

"घरात निळा एकच होता."

दादा म्हणाला, "हो का," आणि खोलीत गेला. आईने काच कागदात गुंडाळली. तिच्यावरचा आळ त्या कागदात गुंडाळला गेला.

मग भिंगरीने पाणी फवारणाऱ्या माझ्या हातांची बुजलेली भोकं टोचणीने मोकळी केली, दाराचं रबर जुन्या ब्रशने घासलं, जाळी धुऊन खट्ट आवाज येईपर्यंत फिरवून बसवली. मला रिकामं चालवलं आणि माझ्या कुशीला कान लावला. पाणी आलं, फिरलं, निघून गेलं.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. बाबांनी काकांना फोन केला, "आमच्याकडे सगळं घरच्या घरी दुरुस्त करतात हो." आमच्याकडे! दादाने माझा फोटो काढून मित्रांना पाठवला. मला वाटलं, दिवस पालटले.

कसले पालटतात. ताटातलं उष्टं पुन्हा तसंच माझ्यात येऊ लागलं. ताट खरवडायला कुणाचे हात झिजतात, देव जाणे. जरा वास आला की बाबा हाक मारायचे, "भिंगरे, तुझं मशीन बघ गं." काल 'आमच्याकडे', आज 'तुझं'. आणि एका सकाळी भिंगरी लवकर उठली, तर आई माझ्यापुढे वाकून उघड्या हातांनी जाळीतला गाळ काढत होती.

"आई, हे तू कधीपासून करतेस?"

"आधीही करायचे, आणि तू दुरुस्त केलंस तेव्हापासून पुन्हा. कुणीतरी करायलाच हवं ना गं."

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं बहुतेक वेळा बिघडत नाहीत. त्यांना बिघडू दिलं जातं. दुरुस्त करणाऱ्याला टाळ्या मिळतात. सांभाळणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, कारण त्याने सांभाळलं म्हणून तर काही घडलेलंच नसतं. तुमच्या घरात अशी एखादी जाळी असेल, तर ती कुणाच्या हातात असते ते एकदा वाकून बघा.

त्या रात्री सगळे जेवायला बसले. भिंगरी आली, भिंतीतला माझा प्लग तिने ओढून काढला आणि वायर गुंडाळून माझ्या डोक्यावर ठेवली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "बाबांनी आणि दादाने जाळी आपल्या हाताने काढून, धुऊन, नीट बसवून दाखवली की मी प्लग लावीन. तोवर ज्याचं ताट त्याने घासायचं. आई, तूही फक्त तुझंच घासायचंस, बाकीच्यांच्या ताटाला हात लावायचा नाही. आणि भंगारवाल्याला बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, बाबा. फक्त मशीन बिघडलंय असं त्याला सांगायचं नाही."