सुनेच्या सायकलचं सामान

दुसरी गाय व्यायली आणि दूध इतकं वाढलं, की डोक्यावर कॅन घेऊन डेअरीपर्यंत चालत जाणारी सून पुरेनाशी झाली. म्हणून सासऱ्याने जुनी सायकल आणली. सून गुडघे फोडून घेत ती शिकलीसुद्धा. आज दोघं सायकलवाल्याकडे सामान बसवून घ्यायला आले होते.

सासरा नुसता हरखून गेला होता. कॅरिअर जाड सळईचं हवं, म्हणून त्यावर हाताने सगळा भार टाकून पाहिला. कॅन अडकवायला दोन्ही बाजूंना आकडे घेतले. स्टँड दोन पायांचं घेतलं, कारण एका पायावर भरलेली सायकल कलंडते. यातलं त्याला खरंच कळत होतं. मग पाच घंट्या वाजवून त्यातली एक निवडली, आणि भिंतीवरचा गोल आरसा त्याच्या डोळ्यांत भरला.

"चालवणार कोण?" सायकलवाल्याने विचारलं.

"सून."

सायकलवाल्याने तिच्या पायघोळ कपड्यांकडे पाहिलं. "मग आधी चेनकव्हर घ्या. घोळ चेनमध्ये गेला तर बाई आपटेल."

"चाळीस वर्षं सायकल मारली मी. मला नाही कधी लागलं चेनकव्हर!"

"तुम्ही विजार घालता, काका."

बाकावर बसलेले दोघे खो खो हसले. झालं! चेनकव्हरचा निकाल तिथंच लागला. म्हातारा एक वेळ चार पैसे जास्त देईल, पण लोकांसमोर हसं झालेलं त्याला खपत नसे.

सुनेने तीन वर्षांत त्या घरात कधी काही मागितलं नव्हतं. पण आज तिला राहवलं नाही. "मामंजी, आरसा राहू द्या. त्याच्याऐवजी चेनकव्हर घ्या ना. शिकताना दोनदा अडकलाय घोळ."

"कपडे आवरून बसायचं. तेवढंही जमत नाही?"

"मग विजार घालू का?"

"घाल की! आणि मला गावात तोंड दाखवायची सोय ठेवू नकोस."

सायकलवाल्याने आरसा बसवला.

पाऊस उघडून आठवडा झाला होता. गाड्यांनी चिखलात पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्या होत्या. सून रोज घोळ वर घेऊन कमरेला सुतळीने आवळायची आणि जीव मुठीत धरून निघायची. आठ दिवस निभावलं. नवव्या दिवशी चढावर ती उभी राहून पायडल मारत असताना चाक चाकोरीत गचकलं आणि सुतळी तुटली. चेनने घोळ ओढला, घोळाने पाय ओढला, आणि भरल्या कॅनसकट सायकल तिच्या पायावर आली.

खुरपणाऱ्या बायका बांधावरून धावत आल्या. खुरप्याने कापड फाडून त्यांनी पाय मोकळा केला. नडगीचं हाड बाहेर आलेलं पाहून एकीने तोंड फिरवलं. सून ओरडत होती, आणि दूध चाकोरीतून वाहत मातीत जिरत होतं.

सासरा धापा टाकत पोचला. त्याने आधी सायकल उचलली. मागचं चाक फिरवून पाहिलं.

"दोन्ही कॅन?" त्याने विचारलं.

"दोन्ही," एक बाई म्हणाली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

पायाला मांडीपर्यंत प्लास्टर बसलं. पाचव्या दिवशी सासरा सायकलवाल्याकडून बोचकं घेऊन आला आणि थेट तिच्या खाटेपाशी थांबला. तो आपणहून तिच्याशी बोलायला येणाऱ्यातला नव्हता. तिने कोपरावर जोर देऊन मान उचलली. एवढं रक्त पाहून म्हाताऱ्याला उमजलं असेल, असं तिला वाटलं. तिला चक्क भरून आलं.

त्याने बोचकं सोडलं. आत दोन झाकणं होती, आतून रबर लावलेली, वरून कडीने घट्ट बसणारी.

"सायकलवाल्याने खास मागवून दिली," तो म्हणाला. "थांब, दाखवतो."

त्याने कॅन पाण्याने भरला, झाकण लावून कडी दाबली, कॅन आडवा केला आणि पायाने ढकलला. तो गडगडत येऊन खाटेवर आदळला. सुनेच्या पायातून कळ गेली आणि ती किंचाळली.

सासऱ्याने खाली बसून कॅनभोवतीच्या जमिनीवरून तळहात फिरवला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "थेंब नाही. प्लास्टर कधी काढणार म्हणाला डॉक्टर?"