अळंब्यांची फाईल

ताईंनी पुस्तकाची फाईल उघडली की संगणक घरघर लावायचा आणि तेवढ्यात त्यांचा चहा पिऊन व्हायचा. जन्मभर वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या ताईंनी अळंब्यांवर पुस्तक लिहिलं होतं. पानापानावर भलेमोठे फोटो. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत पुढचं वाक्य डोक्यातून गुल! प्रकाशकाला फाईल संध्याकाळपर्यंत हवी होती आणि फोटोंखालच्या ओळी अजून लिहायच्याच होत्या.

ताईंनी भावजयीला बोलावलं. ती छापखान्यात पानं लावायची. तिने सेटिंगमध्ये कुठेतरी एक खूण केली आणि सगळे फोटो गायब! उरल्या नुसत्या रिकाम्या चौकटी.

"अगं, माझ्या अळंब्या!"

"आहेत हो ताई, झाकल्यात फक्त. आता टाइप करून बघा."

ताईंनी बोटं चालवली. अक्षरं पाण्यासारखी धावली. ताई खुर्चीतच टुणकन उडाल्या.

"फोटो दिसत नाहीत, मग ओळी कशा लिहिणार?" भावजयीने विचारलं.

"क्रम तोंडपाठ आहे मला!" म्हणत ताई सुटल्याच. प्रत्येक चौकटीखाली एक ओळ. शेवटी एक चौकट उरली, पण वेगाची अशी झिंग चढली होती की दोघींनी तिकडे काणाडोळा केला.

मग भावजयीने सगळे फोटो छपाईपुरते हलके केले आणि परत दाखवले. फाईल सरसर खाली सरकायला लागली. अर्ध्यावर ताईंनी किंकाळी फोडली. तिथे अळंबीऐवजी त्यांचे यजमान होते, सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेले. मोबाईलमधून फोटो आणताना तेही आत आले होते. खाली पुढच्या अळंबीची ओळ होती : "ओलाव्यात फुगते. पिकल्यावर हात लावताच फुस्स करते."

भावजय हसून हसून टेबलावर आडवी झाली. पण आणखी पुढची एक ओळ वाचून ताईंचा चेहरा उतरला. विषारी अळंबीखाली लिहिलं होतं, "लोण्यात परतल्यास फार रुचकर."

"अगं, माणसं मरतील! इथून पुढचं सगळंच एकाने सरकलंय!"

"थांबा, आधी भावोजींना बाहेर काढू."

तिने तो फोटो उडवला. बघतात तर काय, तिथून पुढची प्रत्येक ओळ आता आपल्या अळंबीच्या बरोबर डोक्यावर! मग सगळं सारखं दिसावं म्हणून सुरुवातीच्या ओळीही दोघींनी फोटोंच्या वर उचलून ठेवल्या. हलक्या फाईलमध्ये ते काम चुटकीसरशी झालं.

हसण्याचा गोंगाट ऐकून यजमान डोकावले आणि त्यांना सगळा प्रकार कळला. "माझा फोटो का काढून टाकला? लेखिकेच्या परिचयात टाका की!"

"खाली ओळ कोणती घालू?" ताईंनी विचारलं आणि दोघींना पुन्हा हसू फुटलं. फाईल पाठवल्यावर प्रकाशकाचा फोन आला, तेव्हा एकीच्याही तोंडून धड शब्द निघेना. शेवटी यजमानांनीच फोन घेतला आणि गंभीर आवाजात सांगितलं, "फाईल पाठवली आहे. लेखिका जरा कामात आहेत."