क्लास्के एकतिसावीची सुट्टी

घरात काही कमी पडायला लागलं की माणूस आधी कारण शोधत नाही, गुन्हेगार शोधतो. हिल्के होक्समाच्या घरी त्या ऑक्टोबरात दूध कमी पडू लागलं होतं आणि गुन्हेगार काही हाती लागत नव्हता.

सगळ्या गाईंचं दूध कमी झालं नव्हतं, फक्त क्लास्के एकतिसावीचं. नेदरलंड्सच्या उत्तरेकडच्या आमच्या फ्रीसलंडात राजांच्या नावापुढे लागतो तसा गाईंच्या नावापुढेही आकडा लागतो. फरक एवढाच, की गाईंच्या घराण्यात आजवर कुणी गादी सोडून पळालेलं नाही.

आणि गाईने जन्मभरात मिळून एक लाख किलो दूध दिलं, की गाव तिचा सत्कार करतं. बँड येतो, गाईला फुलांचा हार घालतात, साईचा केक कापतात. शेजारच्या सिप्केच्या गाईचा असा सत्कार गेल्या वर्षी झाला होता, आणि तेव्हापासून हिल्केला सिप्केचं तोंड बघवत नव्हतं. म्हणून वसंतात क्लास्के बादल्या भरभरून देत होती, तेव्हाच हिल्केने सरळ रेघ ओढून लाख किलो कधी भरतील याचा हिशेब केला: नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. बँडला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, गावभर डायऱ्यांत नोंदी झाल्या. आणि आमच्याकडे डायरीत लिहिलेला शनिवार म्हणजे शनिवार. एखाद्याचं मरण पुढे ढकललं जाईल, शनिवार नाही.

आता दूध रोज थोडं थोडं उतरत होतं आणि हिल्केला बूड टेकवत नव्हतं. घरातून गोठ्यात, गोठ्यातून घरात. त्याच्या येरझाऱ्यांनी अंगणात असा चर पडला, की पाणी खात्याचा माणूस येऊन ‘हा नवा कालवा कुणाच्या परवानगीने काढला’ म्हणून विचारून गेला. हिल्केने चारा बदलला. दूध काढायचं यंत्र दोनदा उघडून पुन्हा बसवलं. गोठ्यातल्या रेडिओवर बातम्या लागायच्या, तिथे बँडचं संगीत लावलं. शेवटी त्याची नजर सुनेवर गेली.

सून सीत्स्के. मुलगा योरित गाळ काढणाऱ्या जहाजावर, महिनोन् महिने समुद्रात. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं दूध काढणं तिच्याच गळ्यात. वर्षअखेरीला तिला बाळ होणार होतं. रबरी बूट घालताना आता तिला भिंतीचा आधार घ्यावा लागे.

“तू हल्ली फार सावकाश झालीस,” हिल्के म्हणाला. “गाय वाट बघून कंटाळते, दूध वर चढवते.”

“बाबा तिच्या मागे उभे राहून ओरडतात, म्हणून ती पान्हा चोरते,” सीत्स्के म्हणाली. सासऱ्याशी तोंडावर बोलतानाही आमच्याकडे ‘तुम्ही’ नाही, ‘बाबा’च म्हणतात.

“मी ओरडत नाही. मी तिला धीर देतो.”

“तोच धीर काल सिप्केच्या गाईंनाही ऐकू गेला.”

रविवारी हिल्केची थोरली बहीण बाउक्ये सायकलवरून आली. वारा उलटा होता, म्हणजे रोजच्यासारखाच. बाउक्येने चाळीस वर्षं सुईणीचं काम केलं होतं आणि निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. त्यामुळे ती कुणालाही, अगदी पाद्रीबाबांनाही, ‘अरे तू’ म्हणायची. हिल्केने कॉफी ओतली, प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

“अमेरिकेत म्हणे एक इंजेक्शन मिळतं,” तो म्हणाला. “टोचलं की दूध वाढतं.”

“तिथे मिळतं, इथे बंदी आहे. आणि तुझ्या गाईला काही झालेलंच नाही. ती गाभण आहे.”

“गाभण आहे हे मला ठाऊक नाही? मीच तर डॉक्टर आणला होता.”

“मग वसंतात रेघ ओढलीस तेव्हा तिच्या पोटातलं वासरू कुठे धरलंस?”

हिल्के कॉफी ढवळत राहिला. साखर त्याने घातलीच नव्हती.

बाउक्येने झाकण उघडून दुसरं बिस्किट घेतलं. आमच्याकडे ही जवळजवळ युद्धाची घोषणा असते. “ऐक. पोट राहिलं की अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचा हार्मोन वाढतो. त्याचं काम गर्भाला सांभाळून धरायचं, आणि कासेला नव्या दुधाची घाई करू द्यायची नाही. निम्मे दिवस उलटले की दुसरा चढायला लागतो, इस्ट्रोजेन. मग दूध हटतं. वासरूही आईच्या खाण्यातून आपला वाटा घेतं. ती आळशी झालेली नाही रे. तिने दुसरं काम हाती घेतलंय.”

“आणखी चार आठवडे काढलं दूध, तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“कासेतल्या जुन्या पेशी झडून नव्या यायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून तर आपण व्यायच्या आधी दूध काढणं थांबवून गाय आटवतो. आपले बाबा आटवायचे, तू बाकीच्या सगळ्या गाई आटवतोस. तेवढा वेळ दिला, की व्यायच्या वेळी तो पहिला हार्मोन एकदम उतरतो, प्रोलॅक्टिन उसळतं आणि दुधाला पूर येतो. नाही दिलास, तर पुढच्या वेताला दूध कमी आणि वासराला चीकही हलका. एका केकसाठी.”

“बँड ठरलाय, बाउक्ये.”

“मग बँडचं दूध काढ,” म्हणून ती सायकलवर बसली. जाता जाता दारात सीत्स्केच्या सुजलेल्या पायांकडे बघून थांबली. “आणि ही कधी आटणार आहे?”

“तिचं काय? तिने कधी तक्रार केली नाही,” हिल्के म्हणाला.

बहीण बोलून गेली, पण भाऊ बधला नाही. आटवायची तारीख आली आणि उलटली. एका सकाळी मात्र क्लास्के यंत्राच्या दारात येऊन उभी राहिली ती राहिलीच. हिल्केने चुचकारलं, सफरचंद दाखवलं, मग मागून खांदा लावला. जड अंगाची गाय ढिम्म हलेना. त्याने पुन्हा रेटलं. तिचा पाय ओल्या फरशीवर घसरला आणि ती गुडघ्यावर आली.

दूध काढताना उभं राहायला यंत्राशेजारी खड्डा असतो, त्यातून सीत्स्के वर आली. तिने गाईला सावरून उभं केलं आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

“ती येणार नाही,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून मीही येणार नाही.”

“दोघी मिळून कट केलात की काय?”

“थकलोय आम्ही, बाबा.”

हिल्के तिच्याकडे बघत राहिला. मग गाईकडे. दोघींची पोटं एकाच उंचीवर होती आणि दोघींनी एकेक पाय सैल सोडला होता. “कधीपासून थकलीस?”

“उन्हाळ्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“बाबांनी विचारलं का नाही? क्लास्केचं दूध दोन किलो उतरलं तर बाबांनी गावभर चौकशी केली. मी जिन्यात दोनदा बसून घेते, तेव्हा म्हणाले, सावकाश झालीस.”

गोठ्यात बँडचं संगीत चालू होतं. हिल्केने जाऊन रेडिओ बंद केला. मग क्लास्केची दोरी धरून तिला यंत्राकडे नव्हे, पलीकडे पेंढ्याच्या मऊ कप्प्यात नेलं. तिथे आटवलेल्या गाई निवांत रवंथ करत होत्या. आणि त्याच संध्याकाळी, कित्येक वर्षांनी, स्वतः रबरी बूट चढवून तो खड्ड्यात उतरला. पहिल्याच गाईने त्याच्या टोपीवर शेपटी मारली. ती बहुधा सुनेच्या बाजूची असावी.

सिप्केला फोन करणं सगळ्यात अवघड होतं, कारण सिप्के बँडमध्ये ढोल वाजवायचा.

“लाख झाले नाहीत? मग आम्ही वाजवायचं कशासाठी?” सिप्के हसला. “सुट्टीसाठी?”

“हो,” हिल्के म्हणाला. “सुट्टीसाठीच या.”

शनिवार डायरीत होता, म्हणून सगळे आलेच. हार आला, केक आला. एक थेंबही दूध न देणाऱ्या गाईपुढे पंचवीस माणसांचा बँड उभा राहिला. इतका वेडगळ सत्कार आमच्या भागात समुद्राला बांध घातल्यापासून झाला नव्हता. हिल्के उपड्या बादलीवर चढला. भाषणाची त्याला सवय नव्हती.

“ही आज काही देत नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, जी देत नाही ती काम करत नाही. ही आतून सगळं नव्याने बांधतेय, वासरू आणि कास, दोन्ही. आपल्याला दिसत नाही एवढंच. माझ्या घरात असं काम करणारी आणखी एक होती. तिला मी सावकाश म्हणालो. ती आता घरात पाय वर करून बसली आहे. कुणी तिला उठवू नका.”

सिप्केची बायको नवऱ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. सिप्केने ढोलाच्या काठ्या खिशात घातल्या आणि हळूच म्हणाला, “घरी गेल्यावर बोलू.”

नवं वर्ष लागताना सीत्स्केला मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात क्लास्केला कालवड. जहाजावरचा योरित वेळेवर पोहोचला, आणि दुधाचा असा पूर आला की मांजरांनी उंदीर पकडायचं सोडून दिलं. एक लाखावा किलो थंडी संपता संपता एका सकाळी पडला. कधी पडला, ते कुणाला कळलंच नाही. हिल्के तेव्हा नातीला मांडीवर घेऊन तिचं दूध जिरवत होता. आठवण झाली ती दोन दिवसांनी, तीही सिप्केने दिली म्हणून.

मंडळी, आपल्या घरातही कुणीतरी असं असतं. जिचा वेग मंदावला, की आपण बोट दाखवतो. बोट दाखवण्याआधी एवढं विचारावं, की ती आत काय घडवते आहे. दूध देणारीचं कौतुक सगळेच करतात. आटलेलीला जो विसावा देतो, त्यालाच पुढच्या दुधाचा हक्क असतो.