गोंड्याखालची चीर

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. भरीव वेळूची, धनगर मुंजाबाच्या हातातली. पिशोरजवळ दोन डोंगर खांद्याला खांदा लावून उभे आहेत. आमच्या वस्तीवर त्यांना जावाजावा म्हणतात. मेंढ्यांमागे मी दोघींच्या माथ्यावर कितीदा तरी गेले. दर दिवाळीला मुंजाबा मला तेल पाजायचा आणि चारचौघांत माझे कौतुक करायचा. मी अगदी फुशारून जात असे.

पुढे मेंढ्या विकल्या, मुंजाबाची नजर अधू झाली आणि मी आढ्याला खोचलेली राहिले. तेल नाही, विचारपूस नाही. पोटात कीड लागली आणि अंगाला चीर पडली.

गेल्या श्रावणात त्याची नात अंबिका शहरातून आली. ती तिथे नोकरी करते. आजोबांना एकदा, शेवटचे, दोन्ही डोंगर फिरून यायचे होते. तिने हौसेने शहरातल्या गुलमंडी बाजारातून लोकरीचा गोंडा आणला आणि नेमका माझ्या चिरेवर बांधला. मला ओरडावेसे वाटले, पण काठीला तोंड कुठे?

पहिली जाऊ सुखाने ओलांडली. दुसरीवर धुके उतरले. माझे एक टोक अंबिकाच्या हाती, दुसरे मुंजाबाच्या. वाट दिसेना. तेवढ्यात पायाशी लेंड्या दिसल्या आणि अंबिका हरखली. धनगराची नात ना ती! लेंड्या आहेत म्हणजे मेंढ्यांची वाट आहे, असे म्हणत ती त्या मागाने निघाली. मी मात्र ओळखले. त्या लेंड्या शेळ्यांच्या होत्या, आणि पाल्यासाठी शेळी कड्याच्या टोकावरही जाते. पायाखालचा मुरूम निसटू लागला. मुंजाबाचा पाय घसरला, त्याचा सगळा भार माझ्यावर आला. आता मी मोडणार आणि हे दोघेही जाणार, एवढेच मला कळत होते.

कर्र.

मी तडकले, पण मोडले नाही. मुंजाबा कसाबसा सावरला आणि त्याच्या हाताने तो आवाज ओळखला.

"अंबे, थांब. काठी आतून गेली. हाय तिथंच बस."

"आबा, वाट तर दिसतीय की."

"ती शेळीची वाट हाय. शेळी जाती तिथं माणूस जात नाय."

दोघे मला मध्ये धरून बसले. धुके विरळ झाले तेव्हा अंबिकाच्या पुढच्या पावलाला जमीनच नव्हती. तिने मुंजाबाचा हात धरला आणि दोघे आल्या वाटेने माघारी वळले.

घरी आल्यावर तिने गोंडा सोडला, चीर पाहिली आणि रडली. आता मला तेल मिळते, पण माझ्यावर भार कुणी टाकत नाही. माझी भीती मात्र गेलेली नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला सजवण्याआधी तिच्या अंगावरून एकदा हात फिरवा. आम्हाला सांगता येत नाही हो, फक्त मोडता येते.