गल्लीचा पलीकडचा तुकडा

पाच वाजून पाच

अण्णांनी खुंटीवरची पितळी चरवी काढली आणि दारातून म्हणाले, "नंदे, दूध घिऊन येतो."

मी शाळेतल्या चाचणीचे पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "या."

पाच वाजून वीस

एका उत्तरापाशी लाल पेन्सिल थांबली, आणि मी काय बोलले ते माझ्या ध्यानात आलं.

आमच्याकडं दूध सकाळी येतं. पिशवीतून. अण्णा ज्याच्याकडून संध्याकाळचं दूध आणायचे तो केरबा गवळी म्हशी घेऊन गडमुडशिंगीला गेला, त्याला अकरा वर्षं झाली. तो वारला, त्याला सहा. अण्णांना हे कधी माहीत असतं, कधी नसतं. या दिवाळीपासून बहुतेक नसतंच.

पण आमच्या घरात पाच वाजता चरवी घेऊन निघालेल्या माणसाला "या" म्हणायचं असतं. आधी आई म्हणायची. ती गेल्यावर, नऊ वर्षांची असल्यापासून, मी. आज तेहतिसाव्या वर्षी ते तोंड आपलं आपण बोललं.

दार उघडंच होतं.

पाच बावीस

कोपऱ्यावरचा किराणावाला बाळासो पोत्यावर बसून शेंगा खात होता.

"अण्णा दिसले?"

"मगाशी गेले की. मोठ्या रस्त्याकडं."

"आणि तुम्ही जाऊ दिलं?"

"मी इचारलं, कुठं? तर म्हणाले, दुधाला. आता दुधाला निघालेल्या माणसाला काय अडवायचं, मॅडम? दारूला निघालं असतं तर अडवलं असतं."

तो हसला. माझं तोंड बघून थांबला. "व्हा पुढं. दुकान बंद करून मीबी येतो," म्हणाला.

मी पुढं झाले.

मोठा रस्ता

मी नऊ वर्षांची होते तेव्हा, म्हणजे बासष्ट साली, हा रस्ता नव्हता. आमच्या दारापासून विहिरीपर्यंत एकच गल्ली होती. माझी तेव्हाची चारशे दहा पावलं. शेवटच्या टोकाला केरबाचा गोठा, त्याच्या मागं विहीर.

चौऱ्याहत्तर साली गल्लीच्या मधोमध रस्ता काढला. सात घरं पडली. अर्धी गल्ली इकडं राहिली, अर्धी तिकडं गेली. पहिली दोन वर्षं आम्ही रस्ता ओलांडून एकमेकांकडं हळदीकुंकवाला जात होतो. मग तिकडच्यांनी घरं विकली. तिकडच्या तुकड्याला कॉलनीचं नाव पडलं, तीन-तीन मजले चढले. माझं तिकडं जायचं कारण संपलं. मी पाच वर्षांत रस्ता ओलांडला नव्हता. घरापासून दोनशे पावलांवर.

आता: उसाचे ट्रक. एस.टी. परत उसाचे ट्रक.

मी आधी रस्त्यावर बघितलं. थांबलेला ट्रक नव्हता. गर्दी नव्हती. बरं वाटलं. मग वाटलं, गर्दी जमायलाही वेळ लागतो. मग मी डांबरावर बघितलं, डावीकडून उजवीकडं, सावकाश, जसं कुणी पडलेलं नाणं शोधावं तसं. काही नव्हतं.

ओलांडला.

पाच पस्तीस

"धोतर नेसलेले, हातात पितळी चरवी?"

"न्हाई बघितलं."

"उंच आहेत, थोडे वाकलेले."

"कुठल्या फ्लॅटमधले?"

पाच जणांना विचारलं. पाचही जणांनी आधी हेच विचारलं, कुठल्या फ्लॅटमधले.

गोठा कुठं होता हेच मला कळेना. तालमीच्या जागी दवाखाना होता, दवाखान्याच्या शेजारी जे असायला हवं होतं तिथं भिंत होती. मी लहानपणीची पावलं मोजायला लागले. मोठेपणीची पावलं लांब पडतात, हे शंभर झाल्यावर लक्षात आलं. परत मागं. डिसेंबरचं ऊन इमारतींच्या वरच्या मजल्यांवर चढलं होतं, खाली अंधारून यायला लागलं होतं.

गोठ्याच्या जागी स्कूटरी लावल्या होत्या. सहा. अण्णा नव्हते.

मी तिथंच उभी राहिले. माणूस दुधाला निघालाय, गोठ्यापर्यंत आलाच पाहिजे. आला नाही म्हणजे वाटेतच

नाही.

केरबाचा एक नियम होता. गिऱ्हाइकासमोर तो दूध काढायची आपली कासंडी उपडी करून दाखवायचा, आत थेंबभर पाणी नाही म्हणून, आणि मग म्हशीखाली बसायचा. पण त्याच्या आधी गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तुमचं भांडं तुमी इसळून आणा. मागनं म्हणू नगासा, केरबानं पाणी घातलं." त्यामुळं कुणी सरळ गोठ्यावर जात नसे. आधी विहिरीवर जायचं, पायऱ्या उतरायच्या, भांडं विसळायचं, मग गोठा. सगळी गल्ली तसंच करायची.

दहा मिनिटं मी चुकीच्या जागी शोधत होते.

"इथं विहीर होती," मी स्कूटरींपाशी बसलेल्या राखणदाराला म्हणाले.

"होती कशाला, हाय की. त्या नव्या कामाच्या मागं. पर तिकडं जाऊ नगासा बाई, मोटर बसवाय कठडा फोडलाय. पायऱ्यांवर राडारोडा टाकलाय सगळा."

विहीर

चपला काढून कडेला जोडीनं ठेवलेल्या होत्या.

अण्णा कठडा फोडलेल्या जागी काठावर उभे होते; पायऱ्या पलीकडच्या बाजूला, राडारोड्याखाली होत्या. डाव्या हातात चरवी. उजवा पाय पुढं काढून, बोटांनी चाचपत, ते पहिली पायरी शोधत होते. पाय हवेत खाली जायचा, काही लागायचं नाही, परत वर यायचा. मग दोन बोटं उजवीकडं सरकून परत खाली.

हाक मारली तर वळतील.

मी चपला काढल्या. वाळूच्या ढिगावरून गेले. सोळा पावलं. पाय खाली गेला. वर आला. पाय परत खाली गेला, आणि या वेळी गुडघाही वाकला.

मी मागून दोन्ही हातांनी कंबरेला मिठी मारली आणि स्वतःला मागं झोकून दिलं.

आम्ही वाळूत पडलो. चरवी आत गेली. एकदा दगडावर वाजली, परत एकदा, मग बराच वेळ काही नाही, मग पाणी.

पावणेसहा

"कोण हाय? सोड! सोड म्हणतो न्हवं! आरं धावा, ही बाई मला ढकलतीया!"

"अण्णा, मी. मी नंदिनी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत नुसती भीती होती. माझी भीती.

लोक आले. गॅलरीतून एक बाई ओरडली, "मी बघितलंय, तिनं मागनं धरलं त्यांना!" स्कूटरवरून उतरलेल्या एका तरुणानं माझं मनगट पकडलं.

"काय चाललंय? आजोबांच्या बोटात अंगठी हाय म्हणून?"

"माझे वडील आहेत."

"आजोबा, ही तुमची मुलगी?"

"माझी लेक एवढीशी हाय," अण्णांनी हात कंबरेपर्यंत नेला. "ही कोण बाई, मला म्हाईत न्हाई."

"आता काय म्हणता?"

"इथलेच आहोत आम्ही. याच गल्लीतले."

"इथं गल्ली कुठं हाय? मी चार वर्षं राहतोय, तुम्हाला कधी बघितलं न्हाई."

खरं होतं. मी त्या तोंडांकडं एकेक करून बघितलं, दहा-बारा असतील. एकही ओळखीचं नव्हतं. बाळासोचा पत्ता नव्हता. घरापासून चारशे पावलांवर, अण्णा माझे वडील आहेत हे सांगू शकणारा एक माणूस नव्हता.

"पोलिसांना फोन करा," गॅलरीतली बाई म्हणाली. "आजोबांना वर आणा, माझ्याकडं बसू देत."

दोघांनी अण्णांना काखेत धरून उठवलं. ते मुकाट्यानं निघाले. माझ्यापासून वाचवलं म्हणून त्यांनी एकाच्या पाठीवर हात ठेवला. जिन्याच्या दारात ते आत वळणार होते.

मी ओरडले. "कोपऱ्यावर धोंडुबाईंची गिरणी!"

लोक बघायला लागले. तरुणाची पकड घट्ट झाली.

"गिरणीला लागून ज्ञानू शिंपी. समोर सयाजी, त्याच्या दारात छकडा. मग शालूबाईंचं घर, दारात पेरू. मग तालीम. तालमीच्या पुढं तानाबाई, आणि मग केरबा."

"वेड लागलंय हिला," कुणीतरी म्हणालं.

जिन्याच्या दारात अण्णा थांबले. वळले.

"गुंडू राहिला," ते म्हणाले.

"काय?"

"तालीम आनि तानाबाईच्या मधी गुंडू कासार. त्याला कसा इसरलीस? त्याची बायकू बाळंतीण हाय, परवा तर बारसं झालं. तू जेवाय नव्हतीस काय?"

"होते," मी म्हणाले.

"मग?"

"विसरले."

अण्णा त्या तरुणाला म्हणाले, "सोडा तिचा हात, पावणं. आमच्या गल्लीतलीच हाय कुणीतरी. पावणी न्हवं." मग थोडं थांबून, "तुमी कुठलं म्हणायचं?"

तरुणानं मनगट सोडलं.

सहा

मी त्यांच्या पायात चपला घातल्या. त्यांनी घालू दिल्या, पण हात धरू दिला नाही. परक्या बाईनं हात धरायचा नसतो. आम्ही रस्त्याकडं निघालो. मी त्यांच्या आणि ट्रकांच्या मधून.

"कुणाच्यातली गं तू?"

"पलीकडच्या अंगाची," मी म्हणाले.

"व्हय व्हय." त्यांनी पावलं उचलली. मग एकाएकी धावल्यासारखं चालायला लागले, वाकलेले, धापा टाकत, रस्त्याकडं न बघता. "चल बिगी बिगी. अंधार पडाय लागला. नंदी घरात एकटीच हाय. आई न्हाई तिला. दार उघडं टाकून आलोय मी."

"काही होत नाही. असेल ती घरात."

"तुला काय ठावं?" ते ओरडले. "एवढीशी पोर. मला शोधाय भाईर पडली असली तर? कुठं शोधू मी तिला?"

ट्रक गेला. एस.टी. गेली. त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत घट्ट धरून मी मोकळा रस्ता बघत उभी राहिले, आणि ते पुढं ओढत राहिले.