गालातली हवा

म्हाताऱ्या काचवाल्याने गाल फुगवून फुंकर मारली आणि दवाखान्यातली श्वास तपासायची पिशवी क्षणात टम्म भरली.

"घ्या! चाळीस वर्षं नळीच्या टोकाला काच फुगवतोय. तुमची पिशवी काय चीज आहे!"

तपासणाऱ्या बाईंनी पिशवी यंत्राला लावली आणि मान हलवली.

"बाबा, पुन्हा बाद. ही नुसती तोंडातली हवा. पोटातल्या जंतूचा पत्ता छातीच्या तळातल्या श्वासात लागतो. औषध पिऊन वीस मिनिटं झाली, आता एकदाच जमेल. नाहीतर घशातून दुर्बीण घालावी लागेल."

म्हाताऱ्याचा हात आपोआप गळ्याशी गेला.

सून दाराशी उभी होती. तीन वर्षं हा माणूस जेवताना पोट धरायचा आणि न्हावी, शिंपी, दूधवाली, दिसेल त्याला सांगायचा, की सुनेच्या हातचं खाऊन आतडी जळाली. तिने आधी मिरची काढली, मग तेल, मग मीठ निम्मं केलं. भाजी पार मेली, दुखणं मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी जंतूचा संशय घेतला तेव्हा म्हातारा हसला होता. दोष द्यायला घरात सून असली की जंतू कोण शोधतो? शेवटी तिनेच त्याला आज उपाशीपोटी ओढून आणलं होतं. जंतू निघाला, तरच ती सुटणार होती.

रोज भट्टीवर त्याचा डबा नेणाऱ्या तिला त्याची कारागिरी ठाऊक होती. नाकाने श्वास घ्यायचा, गालांनी फुंकायचं. छाती हलायचीसुद्धा नाही.

"बाबा, फुंकू नका," ती म्हणाली. "उसासा टाका."

"म्हणजे कसा?"

"माझ्या भाजीचा पहिला घास घेतल्यावर टाकता ना, तस्सा."

बाईंनी तोंड फिरवून हसू दाबलं. म्हातारा लाल झाला. मग त्याने डोळे मिटले आणि टाकला. लांबलचक, पार तळापासून. पिशवी हळूहळू भरली.

थोड्या वेळाने बाई कागद घेऊन आल्या.

"जंतू आहेत. चांगले मुरलेत. बहुतेक लहानपणापासूनचे."

"म्हणजे हिच्या आधीचे?"

"तुमच्या लग्नाच्याही आधीचे. दोन आठवडे औषधं घ्या, बहुतेक जातील."

म्हातारा माफीबिफी काही बोलला नाही. माफी मागणाऱ्यांची जात वेगळी. पण परतताना तो न्हाव्याच्या दारात थांबला.

"जंतू निघाले रे! लहानपणापासूनचे!"

मग शिंप्याकडे. मग दूधवालीकडे, तिला तर दोनदा सांगितलं. सून दोन पावलं मागे, पदराआड हसत. एवढ्या जोरात स्वतःच्या पोटाची दवंडी पिटणारा माणूस गल्लीने पाहिला नव्हता.

दुपारी तिने ताट वाढलं. म्हाताऱ्याने तीच फिकी भाजी तोंडात घातली. सवयीने छाती वर आली. सून पाहत होती.

त्याने तो श्वास गालांत अडवला, आणि दोन्ही गाल टम्म फुगवून मिठाकडे बोट दाखवलं.