आयुष्य खाणाऱ्या बायका

मिरजगावजवळच्या आमच्या वाडीत त्या मंगळवारी मारुतीच्या पारावर चाळीस पुरुष हातांत हिरव्या बांगड्या भरून बसले होते. मिशा पिळलेल्या, बांगड्या किणकिणत होत्या. यमदूत फक्त पुरुषांना न्यायला येतात. बांगड्या दिसल्या की ते बाई समजून पुढे जातात, हा आयुष्यानंद महाराजांचा शोध होता. मिरजगावात मोठ्या मापाच्या बांगड्या संपल्या होत्या.

"गावात विधवा एकतीस, विधुर नऊ!" महाराज गरजले. "बाकीचे बावीस गेले कुठं? बायकांनी खाल्ले! बायको नवऱ्याचं आयुष्य पिते, म्हणून जास्त जगते!"

आकडे खरे होते. मीच, शाळेतल्या मराठीच्या मास्तरनं, जनगणनेच्या वेळी मोजले होते. हिशेब मात्र महाराजांचा होता.

पुरावाही तयार होता. पिवळ्या कापडाची पट्टी पुरुषानं 'शिवजला'त हात बुडवून धरली, तर पिवळीच राहायची. बायकोनं शेजारच्या तांब्यातल्या 'शक्तिजला'त बोटं बुडवून शिवली, की रक्तासारखी लाल! गर्दी हंबरडा फोडायची.

सहादूची बायको चांगुणाबाई हिची पट्टी शनिवारीच लाल झाली होती. महाराजांनी हुकूम सोडला, "हिच्या हातचं अन्न नको. हिच्या हातची गोळीही नको." सहादूला रक्तदाबाचा त्रास. गोळी रोज चांगुणाबाई द्यायची. दोन दिवसांत त्याचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

"गोळी घ्या व्हो," ती रडकुंडीला आली होती.

"माझं आयुष्य खातीस अन् वर गोळी देतीस?"

"तीस वर्सं तुमचं उष्टं खाल्लं. आयुष्य कवा चाखाया मिळालं न्हाई."

मंगळवारी तो पारावर उठायला गेला आणि तोल जाऊन खांबाला धडकला. महाराज म्हणाले, "बघा, बाई अजून पितेय!"

तेव्हा चांगुणाबाई गर्दीतून थेट पुढं आली. तिनं सहादूच्या बंडीत हात घातला, तंबाखूची डबी काढली, बोटभर चुना घेतला आणि महाराजांच्या ताटातली कोरी पिवळी पट्टी ओली करून तिच्यावर चोळला.

पट्टी लालभडक झाली.

"हळदीचं कापड हाय हे," ती म्हणाली. "सदऱ्यावर कालवणाचा डाग पडला अन् साबण लावला, की डाग असाच लाल व्हतो. तुमी जन्मात धुणं धुतलं असतं तर कळलं असतं! बायकांच्या तांब्यात चुन्याची निवळी हाय, पुरुषांच्यात साधं पानी."

तिनं सहादूचा हात बायकांच्या तांब्यात बुडवून दुसऱ्या कोऱ्या पट्टीला लावला. पुन्हा लाल.

महाराज सावरले. "चुन्यातसुद्धा स्त्रीशक्ती असते!"

"चुना पुल्लिंगी आहे, महाराज," मी म्हणालो. मला राहवेना.

पारावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कुणालाच हसू आवरेना. त्या गोंधळात महाराज दोन्ही तांबे टाकून मोटारसायकलवर बसून पसार झाले.

गलका ऐकून आलेल्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स जयमालाताईंनी तिथंच सहादूचा रक्तदाब मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, रिक्षा मागवली. जाता जाता त्या पुरुषांकडे वळल्या.

"विधवा जास्त, कारण लग्नात नवरा सात-आठ वर्षांनी मोठा असतो, अन् विधुर झाला की वर्षात दुसरी करतो. बायका जास्त जगतात हेही खरं. थोडं शरीराचं देणं आहे, ते देवीचं नाही. उरलेलं तुमचं: तंबाखू, दारू, हेल्मेट न घालणं, अन् छातीत दुखलं तरी 'मला काय होतंय' म्हणत बसणं."

बांगड्या तेवढ्या वाजल्या.

सहादू तीन दिवसांनी दवाखान्यातून परतला. माझी वाचकांना विनंती एवढीच: पाण्यानं कापडाचा रंग बदलला तर तो कशानं बदलला हे विचारा, आणि औषध बंद करा म्हणणाऱ्यावर आधी संशय घ्या.

पुढच्या सोमवारी उपकेंद्राबाहेर तपासणीच्या रांगेत पहिला उभा होता सहादू. चांगुणाबाई खुरपायला गेली होती.

"कुणी पाठवलं?" जयमालाताईंनी विचारलं.

"कुनी न्हाई," तो बाही वर करत म्हणाला. "माझा मी आलोय."